जे नव्हतं ते दिसलं कसं?

सांजवेळ

वडील जाऊन चार महिने झाले होते. गर्दीत, माझ्यापासून दहा-बारा पावलांवर, बाबा पाठमोरे उभे दिसले. मान किंचित डावीकडे झुकलेली, हात मागे बांधलेले. मी दोन पावलं पुढे गेले आणि हाक मारली. ते वळले. दुसरेच कुणी गृहस्थ होते.

हे ज्यांना सांगितलं ते सगळे म्हणाले, "अगं, तुला तसं वाटलं असेल." इथेच माझं अडतं. त्या क्षणी मला काही "वाटत" नव्हतं. मला बाबा दिसत होते, जसा आत्ता समोरचा पडदा दिसतोय तसेच. वाटल्याचं कळलं ते नंतर, चेहरा दिसल्यावर.

मग दिसलं ते काय होतं? काहीच नव्हतं म्हणावं, तर काहीच नसताना मी दोन पावलं चालले कशी? बाबा होते म्हणावं, तर बाबा नव्हते. ते गृहस्थ दिसले म्हणावं, तर ते "ते" म्हणून दिसले असते तर मी हाकच मारली नसती.

तत्त्वज्ञान मी रीतसर शिकलेले नाही. या प्रसंगानंतर वाचायला लागले. पुस्तकांत एक प्रकरण सत्तामीमांसेचं असतं (काय आहे?) आणि दुसरं ज्ञानमीमांसेचं (जे आहे ते आपल्याला कसं कळतं?). दोन्ही वेगवेगळी शिकवतात. मला मात्र वर्षभर वाचून असं ठामपणे वाटतं की हे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे करताच येत नाहीत, आणि ते कुठे जोडलेत हे बघायचं असेल तर चुकलेल्या ज्ञानाकडे बघावं. बरोबर दिसतं तेव्हा दिसणं आणि असणं एकमेकांवर इतकी चपखल बसलेली असतात की मधली शिवण दिसत नाही. चूक झाली की ती उसवते.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ साली हेच केलं. इंद्रियांनी मला कधीतरी फसवलंय, स्वप्नातही सगळं खरंच वाटतं, मग आत्ता मी जागा आहे हे कशावरून, असं विचारत तो मागे मागे जात राहिला, आणि शेवटी "संशय घेणारा मी तरी आहे" एवढ्या एका खडकावर येऊन टेकला. त्याच्या त्या धैर्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण माझा प्रश्न त्याने सुटत नाही. तो विचारतो, माझी फसवणूक झाली नाही हे कशावरून? मी विचारतेय, फसवणूक झाली तेव्हा समोर नक्की होतं काय?

ज्यांनी यावर वाचलंय, विचार केलाय, त्यांनी कृपया लिहा.

अव्यक्त

सांजवेळ, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडे नाव आहे: ख्याती. इथे ख्याती म्हणजे कीर्ती नव्हे, भासणं. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते तेव्हा ती भासणारी चांदी कुठली, कोणत्या दर्जाची, यावर भारतीय दर्शनं शतकानुशतकं भांडली आहेत, आणि तुम्ही म्हणता त्याच कारणासाठी. प्रत्येक दर्शनाला ठाऊक होतं की इथे दिलेलं उत्तर आपल्या जगाच्या चित्राला बांधील करून टाकतं.

तुमचाच प्रसंग घेऊन सांगतो, राग मानू नका.

नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचा अनुयायी, म्हणेल: तुम्हाला बाबा दिसले, खरेच बाबा दिसले, फक्त चुकीच्या जागी आणि चुकीच्या काळात. चांदी कुठेतरी दुसरीकडे खरी आहेच, ती आठवणीच्या वाटेने येते आणि समोरच्या शिंपल्यावर विशेषण म्हणून चिकटते. ही अन्यथाख्याती. यामागे न्यायाचा हट्ट आहे: जे कुठेच, कधीच नव्हतं ते भासूच शकत नाही.

विज्ञानवादी बौद्धांच्या (बाहेर वस्तू नाही, जे आहे ते ज्ञानच, असं मानणाऱ्यांच्या) नावावर आत्मख्याती सांगतात. दिसलेलं रूप ज्ञानाचंच, ते बाहेर असल्यासारखं भासतं इतकंच. माध्यमिकांच्या (नागार्जुनाच्या शून्यवादी बौद्ध परंपरेच्या) नावावर असत्ख्याती येते, म्हणजे नसलेलंच भासलं. (ही नावं बहुतेक वेळा विरोधकांनी दिलेली आहेत हे लक्षात ठेवावं. शून्य म्हणजे "काही नाही" असं नागार्जुनाने म्हटलेलं नाही.)

रामानुजांची सत्ख्याती सांगते की शिंपल्यात चांदीचा अंश असतोच, म्हणून चांदी दिसते. तुमच्या प्रसंगाला ती कशी लावायची हे मला जमत नाही, म्हणून पुढे जातो.

अद्वैत्यांचं, म्हणजे शंकराचार्यांच्या परंपरेचं, उत्तर मला सर्वांत धीट वाटतं. ती चांदी सत् (खरोखर असलेली) नाही, कारण पुढच्या ज्ञानाने तिचा बाध होतो, म्हणजे ती खोटी ठरते. असत्ही नाही, कारण सशाचं शिंग कुणाला दिसत नाही आणि ही तर दिसली. म्हणून ती दोन्हींत न बसणारी, अनिर्वचनीय. दिसण्यापुरतीच तिची सत्ता: प्रातिभासिक. म्हणजे त्या दोन पावलांपुरते एक बाबा "होते". दोरीवरचा साप खोटा, पण सुटलेला घाम खरा, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. तुमची हाक तशीच खरी.

आणि मग प्रभाकर, मीमांसा दर्शनाचा आचार्य. त्याचं मत ऐकून मी पहिल्यांदा पुस्तक मिटून बसून राहिलो होतो. तो म्हणतो, चुकीचं ज्ञान नावाची वस्तूच नाही. "हे" असं समोरचं काही दिसतं, ते ज्ञान खरं. "चांदी" आठवते, तेही खरं. दोन ज्ञानांमधला फरक ध्यानात येत नाही, एवढंच घडतं. यासाठी त्यांचा शब्द आहे स्मृतिप्रमोष. प्रमोष म्हणजे चोरी. आठवण चोरीला जात नाही, ती "आठवण आहे" ही खूण तेवढी चोरीला जाते.

पागोळी

शेवटचं वाक्य वाचून काटा आला. वाचतेय, लिहीत राहा.

कोरा_कागद

सर्वांचा आदर ठेवून लिहितो. हा प्रश्न आता तत्त्वज्ञानाचा उरला आहे का? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच सांगितलं की पाहणं हे नकळत केलेलं अनुमान असतं. डोळ्यांतून येणारी माहिती तुटपुंजी असते, मेंदू आधीच्या अनुभवावरून रिकाम्या जागा भरतो. चार महिन्यांपूर्वीपर्यंत रोज पाहिलेली ठेवण मेंदूने समोरच्या पाठमोऱ्या आकृतीवर बसवली. पुढची माहिती आली, अंदाज दुरुस्त झाला. यात अनिर्वचनीय काय आहे? मला हे उत्तर कोरडं वाटत नाही. उलट मेंदूने इतकं जपून ठेवलेलं असतं याचं मला फार अप्रूप आहे.

निळी_शाई

कोरा_कागद, तुमचं उत्तर "कसं घडलं" याचं आहे आणि ते मला मान्य आहे. धाग्याचा प्रश्न "काय दिसलं" हा आहे. अंदाज मेंदूत होता म्हणता, पण सांजवेळ यांना मेंदूतला अंदाज दिसला नाही, दहा पावलांवर माणूस दिसला. ते "दहा पावलांवर" कुठून आलं हे सांगायचं राहतंच.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूने. सगळे भ्रम एका जातीचे नसतात, आणि अद्वैत वेदान्तात हा फरक फार बारकाईने टिपलेला आहे. दोरी कळली की साप जातो, परत दिसत नाही. हा निरुपाधिक भ्रम. दुसरा सोपाधिक: स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक तांबडा दिसतो. स्फटिकाला रंग नसतो हे पक्कं माहीत असतानाही तो तांबडाच दिसत राहतो, फूल उचलेपर्यंत.

आता १८८९ सालची म्युलर-लायरची आकृती आठवा. दोन समान रेषा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. पट्टीने मोजा, सारख्या भरतात. पट्टी बाजूला करा, पुन्हा लहान-मोठ्या दिसतात. ज्ञान झालं पण भास गेला नाही. म्हणजे "कळणं" आणि "दिसणं" यांची खाती वेगळी आहेत. दोरी-सापावरून वाटतं की खरं कळलं की खोटं विरून जातं. स्फटिक आणि ही आकृती सांगतात, तसं नेहमी होत नाही. सांजवेळ यांचा अनुभव पहिल्या जातीचा, आणि म्हणूनच तो इतका चटका लावणारा. चेहरा वळला आणि बाबा संपले.

तळटीप

मेंदूच्या उत्तराबद्दल माझीही एक अडचण आहे. मेंदू, मज्जातंतू, डोळ्यावर पडणारा प्रकाश हे सगळं आपल्याला कळलं कसं? पाहूनच. पाहण्यावरच्या विश्वासाने मेंदू शोधायचा आणि मग मेंदू दाखवून "पाहणं हा अंदाज आहे" म्हणायचं, यात आपण बसलेल्याच फांदीवर कुऱ्हाड चालवतोय का, हे तपासायला हवं. विज्ञान चुकीचं आहे असं अजिबात म्हणत नाही. ते या प्रश्नाच्या अलीकडे उभं नाही, आपल्यासारखंच त्याच्या आत उभं आहे.

युरोपात हाच गुंता शे-दीडशे वर्षांत कसा घट्ट होत गेला ते बघण्यासारखं आहे. इंग्रज तत्त्वज्ञ लॉक म्हणाला, आपल्या मनासमोर वस्तू नसतात, वस्तूंच्या कल्पना असतात. बर्कलीने १७१० मध्ये साधा प्रश्न केला: कल्पनाच हाती लागतात तर त्यांच्यामागे जड वस्तू आहे हे सांगतं कोण? असणं म्हणजे जाणलं जाणं. ह्यूम आणखी पुढे गेला. त्याने कार्यकारणाचा दुवा शोधला आणि त्याला फक्त एकामागून एक येणाऱ्या घटना आणि मनाची सवय एवढंच सापडलं. स्वतःच्या आत डोकावला तर तिथेही संवेदनांची रांग, "मी" नाही. देकार्तचा तो शेवटचा खडकही गेला.

कांटने १७८१ मध्ये दिशा फिरवली. आपलं ज्ञान वस्तूंना जुळतं असं धरण्याऐवजी, वस्तू आपल्या जाणण्याच्या घडणीला जुळतात असं धरून बघा. अवकाश, काल, कार्यकारण हे आपल्या जाणण्याचे साचे. त्यामुळे भासमान जगाचं ज्ञान भक्कम झालं, पण वस्तू स्वतः कशी आहे हे कायमचं पलीकडे गेलं. कांटचा समकालीन टीकाकार याकोबीने त्यावर नेमकं बोट ठेवलं: वस्तू-स्वतः मानल्याशिवाय या दर्शनात शिरता येत नाही आणि ती मानून त्यात राहता येत नाही.

लॉकने घातलेली पहिली गाठ, "आपल्यासमोर वस्तू नसून कल्पना आहे", तीच चुकीची असेल तर? विसाव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ ऑस्टिनने हेच विचारलं. पाण्यात घातलेली काठी वाकडी दिसते, म्हणून "काहीतरी वाकडं" समोर असलंच पाहिजे असं का? पाण्यात घातलेली सरळ काठी दिसते, आणि ती अशीच दिसायची असते.

पागोळी

एक बाळबोध शंका. मेटाफिजिक्स म्हणजे "भौतिकाच्या पलीकडचं" असं मी शाळेपासून धरून चाललेय. ते बरोबर आहे का?

तळटीप

शंका बाळबोध नाही. अ‍ॅरिस्टॉटलने तो शब्द वापरलेला नाही, तो "आद्य तत्त्वज्ञान" म्हणतो. त्याच्या ग्रंथांची मांडणी नंतर झाली (परंपरा हे काम इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या र्‍होड्सच्या अँड्रोनिकसकडे देते), त्यात ही प्रकरणं भौतिकीच्या ग्रंथानंतर लागली, म्हणून "भौतिकीनंतरची". पलीकडचं, गूढ वगैरे अर्थ मागाहून चिकटला. त्या ग्रंथाचा मुख्य प्रश्न अगदी अलीकडचा आहे: एखादी गोष्ट "आहे" असं म्हणतो तेव्हा आपण काय म्हणतो?

अव्यक्त

ऑस्टिनचा मुद्दा वाचून शंकराचार्य आठवले. ते मायावादी म्हणून त्यांना सरसकट "जग म्हणजे मनाचा खेळ" म्हणणाऱ्यांत बसवतात. ब्रह्मसूत्रभाष्यात (२.२.२८) ते विज्ञानवादाविरुद्ध किती कडक उभे आहेत ते वाचावं. बौद्ध आचार्य दिङ्नागाचं म्हणणं होतं की आतलंच ज्ञेय रूप "बाहेर असल्यासारखं" भासतं. आचार्य विचारतात, बाहेर काही नाहीच तर "बाहेरच्यासारखं" ही उपमा कुठून आणली? विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो असं कुणी म्हणतं का? आणि पुढच्याच सूत्रावर: जागेपण स्वप्नासारखं नाही, कारण स्वप्नाचा जागेपणी बाध होतो, खांबाचा तसा कुठल्याही अवस्थेत होत नाही.

ज्याने जगाला अंतिमतः मिथ्या म्हटलं त्यानेच दोरीचं दोरीपण इतक्या निकराने राखलं. कारण उघड आहे. दोरीच नसेल तर साप कशावर दिसणार?

पागोळी

मग ज्ञानेश्वरांचं काय? अमृतानुभवातलं सर्वांत मोठं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे. मी ते भक्तीने वाचत आले, तर्क म्हणून आत्ता पहिल्यांदा बघतेय. मला समजलं ते असं: अज्ञान ज्ञानाच्या आश्रयाने राहतं म्हणावं, तर ज्ञानापाशी ते टिकेल कसं? ज्ञानाशिवाय सुटं राहतं म्हणावं, तर ते आहे हे कळणार कुणाला? म्हणजे दोरीवरचा साप अज्ञानातून आला असं म्हणून थांबता येत नाही, ते अज्ञान कुठे राहतं हे सांगावं लागेल.

अव्यक्त

पागोळी, फार मोलाचं लिहिलंत. अद्वैताला लावता येणाऱ्या कसोट्यांतली ही एक कडक कसोटी आहे, आणि ती आपल्या भाषेत, ओवीत, तेराव्या शतकात लावलेली आहे. तिथे ते जग खोटं ठरवून थांबत नाहीत. जे दिसतं ते चैतन्याचाच विलास, अशी त्यांची वाट आहे. त्या वाटेने गेलं तर सांजवेळ यांच्या प्रश्नातलं "खोटं" हे पद तपासावं लागतं.

कोरा_कागद

मी जरा अस्वस्थ झालोय, हे मनापासून सांगतो. मेंदूही पाहण्यातूनच कळला, हा मुद्दा डोक्यातून जात नाही. मग कुठल्याही ज्ञानावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

तळटीप

हा प्रश्न नागार्जुनाने न्यायवाल्यांना असाच्या असा केला होता. सगळं प्रमाणांनी (ज्ञानाच्या साधनांनी) सिद्ध होतं म्हणता, मग प्रमाणं कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर साखळी संपत नाही. आपोआप म्हणाल तर बाकीच्या गोष्टींनीच काय घोडं मारलंय?

न्यायसूत्रांत याला दिलेलं एक उत्तर मला आजही पटतं: तराजूसारखं. तराजूने आपण सोनं जोखतो, तेव्हा तो प्रमाण. त्याच तराजूबद्दल शंका आली तर वजन माहीत असलेली वस्तू टाकून तराजूच जोखतो, तेव्हा तो प्रमेय, म्हणजे जाणून घ्यायची वस्तू. एकच वस्तू दोन्ही भूमिका करते, पण एकाच वेळी नाही. सगळे तराजू एकदम संशयाखाली आणायचे म्हटलं तर जोखणं हा शब्दच उरत नाही. आणि ज्ञान खरं होतं की नाही हे न्याय बाहेरून, प्रवृत्तीच्या, म्हणजे त्या ज्ञानावरून केलेल्या कृतीच्या, यशावरून ठरवतो: पाणी समजून गेलात, तहान भागली का?

उलट मीमांसक, विशेषतः कुमारिल, म्हणतात की ज्ञान उगवतं तेच खरेपणासकट. खोटेपणा बाहेरून सिद्ध करावा लागतो, खरेपणा नव्हे. सांजवेळ यांनी पहिल्याच नोंदीत लिहिलंय, "त्या क्षणी मला काही वाटत नव्हतं, दिसत होते". कुमारिलाचा पक्ष इतका नेमका मी कुठे वाचलेला नाही.

निळी_शाई

"तहान भागली" हीसुद्धा पुरेशी खूण नाही. सांजवेळ यांनी चालवून घेतलं तर प्रसंग थोडा बदलते. समजा, गर्दीत पाठमोऱ्या परक्याला पाहून मला वाटलं, माझी मैत्रीण इथे आलीय. ती व्यक्ती मैत्रीण नव्हती. पण मैत्रीण खरंच तिथेच, खांबामागे उभी होती. "मैत्रीण इथे आहे" हे माझं मत खरं ठरलं, मला कारणही होतं. मग मला ते माहीत होतं का?

१९६३ मध्ये एडमंड गेटियरने जेमतेम तीन पानांच्या लेखात असेच दोन दाखले दिले आणि ज्ञान म्हणजे "सकारण सत्य मत" ही व्याख्या डळमळली. पण आठव्या शतकातल्या बौद्ध तर्कज्ञ धर्मोत्तराकडे याच घाटाचा दाखला आहे: मांस भाजायला पेटवलेल्या विस्तवाला अजून धूर नाही, वर कीटकांचा थवा जमलाय. लांबून बघणारा त्या थव्याला धूर समजतो आणि म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव आहेच! बाराव्या शतकातला अद्वैती श्रीहर्ष विचारतो, मिटलेल्या मुठीत किती कवड्या असं विचारल्यावर कुणी अंदाजाने "पाच" म्हणाला आणि पाचच निघाल्या, तर ते ज्ञान का?

तहान भागते, तरी ज्ञान नसतं. खरं ठरणं आणि खऱ्याशी गाठ पडणं या दोन गोष्टी आहेत.

सांजवेळ

तुमच्या सगळ्यांच्या नोंदी मी दोनदोनदा वाचल्या. एवढं जिवाभावाने कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

निळी_शाई, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून मी तो प्रसंग उलटा लावून पाहिला. माझं म्हणणं खोटं ठरलं, ते गृहस्थ बाबा नव्हते. पण खऱ्याशी गाठच पडली नाही का? मानेची झुकण, मागे बांधलेले हात, ते तिथे होतं. माझं पाहणं चुकलेलं नव्हतं. आणि बाबा असे उभे राहायचे, ती आठवणही चुकलेली नव्हती. म्हणून मी प्रभाकराच्या बाजूला झुकतेय. दोन खऱ्या गोष्टी होत्या, मधली रेघ पुसली गेली. अन्यथाख्याती मला आधी आवडली होती, पण तिने सगळ्याला "चूक" म्हणावं लागतं. अनिर्वचनीय म्हटलं तर चेहरा वळला तेव्हा बाबांचा बाध झाला असं म्हणावं लागतं, आणि ते माझ्याने म्हणवत नाही. हा युक्तिवाद नाही, हे मला कळतंय.

अव्यक्त

युक्तिवाद नसला तरी दाखला आहे. मात्र प्रभाकरावर न्यायाचा जो मुख्य आक्षेप आहे तो तुमच्यासमोर ठेवला नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. फरक न कळणं हा नुसता अभाव आहे. अभावाने माणूस हलत नाही. शिंपला पाहिला आणि चांदी आठवली, एवढ्याने कुणी वाकून उचलायला जात नाही. "हीच चांदी" असं एक जोडलेलं ज्ञान झालं तरच हात पुढे होतो. तुम्ही दोन पावलं चाललात, हाक मारलीत. ती "पाठमोरं कुणीतरी" आणि "बाबांची आठवण" अशा दोन सुट्या ज्ञानांना मारली होती का?

सांजवेळ

नाही. एकालाच मारली होती.

आक्षेप बरोबर आहे आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. फक्त एक नोंदवते, कारण ते आत्तापर्यंत लिहिलं नव्हतं. हाक मारताना "बाबा" हा शब्द तोंडून पूर्ण बाहेर पडला नाही. पहिलं अक्षर निघालं आणि मी थांबले. ते गृहस्थ अजून वळायचे होते.

निळी_शाई

म्हणजे बाध चेहऱ्याने झालाच नाही? चेहरा दिसायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं?

सांजवेळ

तेच शोधतेय. रेघ पुसली गेली होती, की अर्ध्या हाकेपर्यंत मीच ती पुसून धरली होती? उद्या प्रभाकराचं स्मृतिप्रमोषाचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेते. अव्यक्त, तुमच्याकडे मराठी भाषांतर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.